ओळखीच्या फायली

जयराम गांगुर्डे यांना मी पहिले काही महिने मनातल्या मनात 'चिकट' म्हणत असे. मनातल्या मनात म्हणजे रोज चहाच्या वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसलेच आहे तर ही कबुली आधी दिलेली बरी, कारण पुढे याहून मोठ्या कबुल्या द्यायच्या आहेत.

आमचं ऑफिस सातपूरला, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. नाशिक जिल्ह्यातल्या चाळीसेक रक्ततपासणी लॅबमधले संगणक आणि त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, हा आमचा धंदा. तिकडे नांदगाव, इकडे घोटी आणि त्र्यंबक. मी फोनवर बसते. तक्रार ऐकून घ्यायची, लिहायची, टेक्निशियनला पाठवायचं आणि मालकांची पत्रं टाइप करायची. मालक म्हणजे आल्हाद सर. वयानं माझ्या मुलाएवढे, पण पगार ते देतात म्हणून सर. माणूस वाईट नाही. घाई फार, एवढंच.

गांगुर्डे मूळचे नांदगावचे. आमच्याकडे येण्याआधी सातपूरच्याच एका कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअरमध्ये इनवर्ड क्लार्क होते, म्हणजे गेटवर आलेला माल वहीत घेणारा माणूस. तिथला त्यांचा एकच नियम होता. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. खोकं फोडायचं, मोजायचं, मापायचं आणि मगच वहीत घ्यायचं. ट्रकवाले बाहेर हॉर्न वाजवून दमायचे, मॅनेजर आतून ओरडायचा, हे आपले बोल्ट मोजत बसायचे. तो कारखाना बंद पडला तेव्हा स्टोअरचा हिशेब एका नटानंही चुकला नव्हता, असं ते अजून सांगतात. नोकरी गेल्याचं दुःख कमी आणि हिशेब जुळल्याचं समाधान जास्त, असा हा माणूस.

आमच्याकडे त्यांना ठेवलं ते सीड्या आणि पेनड्राइव्हचं कपाट सांभाळायला. तेव्हा त्या कपाटात नुसता बाजार भरलेला होता. पाच टेक्निशियन, प्रत्येकाच्या खिशात दोन-दोन पेनड्राइव्ह आणि त्यांत एकाच सॉफ्टवेअरच्या फायली: 'सेटअप', 'सेटअप न्यू', 'सेटअप फायनल', 'सेटअप फायनल खरा'. कुठली कंपनीची, कुठली कुणी कुठून उतरवलेली, देव जाणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असल्या सोनूबाया त्या कपाटात ढिगानं होत्या.

गांगुर्डेंनी पहिल्याच आठवड्यात आल्हाद सरांना विचारलं, "सर, फाइल फोडून मोजायची कशी?"

सर हसले. मग दारात उभ्याउभ्याच त्यांनी हॅश नावाचा प्रकार समजावून सांगितला. पाच मिनिटंही लागली नाहीत, पण गांगुर्डेंचं आयुष्य त्या पाच मिनिटांनी बदललं. त्यांनी त्याला लगेच मराठी नाव दिलं, ठसा.

मला तो प्रकार त्यांनी माझ्याच पत्रावर करून दाखवला. पत्राची फाइल एका छोट्या प्रोग्रॅमला दिली. त्यानं काहीतरी गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढली, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली, अर्थ काहीच नाही. तीच फाइल शेजारच्या संगणकावर दिली, तीच ओळ आली. मग मला म्हणाले, "ताई, आता पत्रात कुठंतरी एक स्वल्पविराम टाका." मी टाकला. ओळ पार बदलली. एखाद्या अक्षराचा फरक नाही, सगळीच्या सगळी वेगळी. स्वल्पविराम काढला, जुनी ओळ परत आली.

"फाइलीचं नाव कुणीही बदलील," गांगुर्डे म्हणाले. "ठसा नाय बदलता येत. आतलं बदललं की ठसा बदलतोच."

पुढचे दोन महिने त्यांनी कपाटातल्या एकेका फाइलीचा ठसा काढून यादी केली. फाइलीचं नाव, आवृत्ती, ठसा, कुठून आली, कुणी आणली, कुणी यादीत घेतली, तारीख. सरांनी त्यावर एक प्रोग्रॅम बसवून दिला. लॅबमधल्या कुठल्याही संगणकावर तो चालवला की तिथल्या फायलींचे ठसे काढून यादीशी ताडून बघायचा. यादीत सापडली तर फाइलीपुढे हिरव्या अक्षरांत 'ओळखीची', नाही सापडली तर लाल अक्षरांत 'अनोळखी'. हे दोन्ही शब्द गांगुर्डेंचेच. हजारभर फायलींतून नऊशे ऐंशी हिरव्या झाल्या की टेक्निशियनला वीसच बघाव्या लागत. काम खरंच हलकं झालं. मग मी त्यांना चिकट म्हणणं सोडलं आणि 'ठसेतज्ज्ञ' म्हणायला लागले. स्वभावाला औषध नाही.

दर शनिवारी आणखी एक सोपस्कार असे. यादीत कुणी हळूच काही बदलू नये म्हणून गांगुर्डे त्या यादीच्याच फाइलीचा ठसा काढत आणि ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत. चौसष्ट अक्षरं, ना शुभ सकाळ ना फूल. आम्ही अंगठा दाखवून मोकळे होत होतो.

आता राकेशचं सांगते. राकेश घोटीचा, एकोणतीस वर्षांचा, घरी बायको आणि लहान मुलगी. त्याचे वडील गांगुर्डेंबरोबर त्याच कारखान्यात होते. ते वारले तेव्हा गांगुर्डेंनी आल्हाद सरांकडे शब्द टाकला आणि राकेश आमच्याकडे टेक्निशियन म्हणून लागला. पोरगा हुशार निघाला. घोटी, इगतपुरी, त्र्यंबक ही बाजू तो एकटा सांभाळायचा. गांगुर्डेंना काका म्हणायचा, आणि म्हणायचा तो असा की दोन टेबलांपलीकडूनही त्यात घरचं काहीतरी ऐकू यायचं. पण ऑफिसात त्याच्यामागे एक शेपूट चिकटलं ते चिकटलंच: ओळखीनं लागलेला.

गेल्या भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. एका शुक्रवारी घोटीच्या लॅबमधून फोन आला. नवसाबाई म्हणून जवळच्या गावातली एक बाई, साठीची. तिच्या रक्तातल्या साखरेचा आकडा आमच्या संगणकावरून छापून गेला तो भलताच मोठा. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. तीन दिवसांनी बाई भाताच्या खाचरात चक्कर येऊन पडली. साखर वाढलेली नव्हतीच, गोळ्यांनी पार खाली गेली होती. दोन दिवस दवाखान्यात काढून ती वाचली, पण अजून तिथंच होती. नंतर लॅबवाल्यानं कागद उलटेपालटे करून पाहिले तेव्हा कळलं की तिच्या नावावर छापलेला आकडा तिच्या आधीच्या पेशंटचा होता.

त्या संगणकाला रक्त तपासणाऱ्या मशीनशी जोडणारं सॉफ्टवेअर महिन्यापूर्वी राकेशनं बसवलं होतं.

शनिवारी आल्हाद सर स्वतः घोटीला गेले. त्यांनी गांगुर्डेंची यादी चालवली. सॉफ्टवेअरच्या फाइलीपुढे हिरवी अक्षरं आली: ओळखीची. म्हणजे फाइल बरोबर. मग चूक कुणाची? फाइल बसवताना राकेशनं कुठलीतरी सेटिंग चुकवली असणार, असं सरांनी ठरवलं. लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना तसं तिथंच सांगितलंही. राकेश म्हणत राहिला की मी काकांनी दिलेल्या पेनड्राइव्हवरून फाइल बसवली, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. सरांनी त्याला सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बस.

चौकशी कसली, आम्ही सगळ्यांनी निकाल आधीच लावला होता. घोटी केवढं? त्या बाजूच्या सगळ्या लॅबवाल्यांना दोन दिवसांत कळलं की राकेशच्या चुकीनं एक बाई मरता मरता वाचली. आमच्याकडून त्याला काढलं असतं तर या धंद्यात त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

मंगळवारी चहाच्या वेळी मी म्हणाले, "गांगुर्डे बघा कसे पाठीशी घालतात त्याला. आपल्यातला आहे ना." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दोघंही बौद्ध, दोघांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर, आणि मी जन्मभर देवपूजा करून ऑफिसला येणारी. 'आपल्यातला' या शब्दात मी काय काय भरलं होतं ते मला नीट माहीत होतं. मागे वळले तर गांगुर्डे हातात कप घेऊन उभे. त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि जागेवर गेले.

सुमनबाई, म्हणजे गांगुर्डेंच्या मिसेस, माझे ब्लाउज शिवतात. त्या रविवारी मी शिवलेले ब्लाउज आणायला त्यांच्या घरी गेले. गांगुर्डे कोचावर बसले होते. फोन समोर टेबलावर. तो वाजला, वर 'राकेश घोटी' असं नाव आलं. गांगुर्डेंनी तो उचलला नाही, पालथा करून ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मग पुन्हा.

"बघा ना ताई," सुमनबाई म्हणाल्या. "चार-पाच दिवस झाले. ते लेकरू फोन करतंय आणि हे उचलत नाय. धड जेवत पण नाय."

"अहो, उचला की," मी म्हणाले. "बोलल्यानं काय होतंय?"

गांगुर्डे माझ्याकडे बघून अगदी सरळ आवाजात म्हणाले, "मी उचलला तर ऑफिसात काय म्हणाल तुम्ही? आपल्या माणसाला आतून पढवला म्हणाल. नको ते. फाइल काय बोलते ते बोलू द्या, ताई. फाइलीला ना जात ना गाव."

"आणि फाइल काय बोलली?"

"ओळखीची बोलली," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले. मला तेव्हा कळलं की राकेशनं काही केलं नसेल याची त्यांना खात्री नव्हती. स्वतःच्या यादीवर त्यांचा विश्वास जास्त होता. आणि फोन मात्र माझ्या जिभेला भिऊन पालथा पडला होता. मी ब्लाउज घेतले आणि चहा न घेता निघाले.

सोमवारी सरांनी राकेशला कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी लिहिलं: 'आपण बसवलेली फाइल कंपनीच्या यादीत ओळखीची असूनही आपल्या हलगर्जीपणामुळे...' आणि अडले. वाक्य मलाच विचित्र वाटलं. फाइल म्हणजे काय पाहुणी आहे ओळखीची असायला?

राग माझा मलाच आलेला होता, तो मी सवयीनं गांगुर्डेंवर काढला. "काय हो गांगुर्डे, ओळखीची म्हणजे नेमकी कुणाच्या ओळखीची? लग्न जमवताना म्हणतात तशी का? 'मुलगा ओळखीतला आहे', की झालं, पुढं चौकशीच नको!"

मला वाटलं ते ऐकून न ऐकल्यासारखं करतील. पण ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्ची फिरवून त्यांनी यादी उघडली, आणि नुसती हिरवी अक्षरं न बघता त्या फाइलीची सगळी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. मी उठून मागे जाऊन उभी राहिले.

त्या सॉफ्टवेअरच्या ४.२ आवृत्तीच्या दोन ओळी यादीत होत्या. नाव एकच, आवृत्ती एकच. ठसे मात्र दोन, अगदी वेगळे.

"हे होऊच शकत नाय," गांगुर्डे हळू म्हणाले. "एका आवृत्तीचे दोन ठसे. दोन्ही खऱ्या असूच शकत नाय, ताई."

पहिल्या ओळीत 'कुठून आली' याखाली लिहिलं होतं: कंपनीची सीडी, सीलबंद. दुसरीत लिहिलं होतं: ओळखीतून. कुणी आणली: आल्हाद सर. कुणी घेतली: ज. गां. तारीख दोन वर्षांपूर्वीची. घोटीच्या संगणकावरची फाइल ही दुसरी होती.

त्यांना सगळं आठवलं. नांदगावला एक नवी लॅब उघडायची होती आणि कंपनीच्या सीडीवर ओरखडे पडून ती चालेनाशी झाली होती. दुसरी मागवायची तर आठवडा गेला असता. सरांनी पुण्याच्या एका मित्राला फोन केला आणि फाइल मागवून घेतली. 'माझ्या ओळखीचा आहे, तीच फाइल आहे, टाका यादीत,' असं जाता जाता सांगितलं.

"तपासली तेव्हा लाल आली होती," गांगुर्डे म्हणाले. "मला वाटलं, सीडीच खराब होती, तिचाच ठसा चुकीचा घेतला गेला असंल. आणि सर म्हणत होते ओळखीचा आहे. घेतली मी. एकोणीस वर्षं गेटवर मॅनेजरचं ऐकलं नाय, आणि इथं एका शब्दावर माल आत घेतला."

मग आम्ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची साइट उघडली. ते लोक प्रत्येक आवृत्तीचा ठसा तिथं छापतात. मी चौसष्ट अक्षरं एकेक करून वाचली आणि गांगुर्डे कागदावर टिंबं करत गेले. कंपनीचा ठसा पहिल्या ओळीशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. दुसरीशी नाही. पुण्याच्या त्या मित्राकडची फाइल कुणीतरी आतून उघडून बदललेली होती, लायसन्स न विचारता चालावी म्हणून. असल्या बदलात आणखी काय बिघडलं, ते बदलणाऱ्यालाही माहीत नसतं. ऑफिसच्या कोपऱ्यात चाचणीसाठी एक जुनं मशीन आहे. गांगुर्डेंनी त्याच्या संगणकावर ती दुसरी फाइल बसवली, दोन खोटी नावं टाकली आणि तपासणी चालू असताना मधली वायर उपसली. खरं तर पडद्यावर 'मशीनशी संपर्क नाही' असं यायला हवं. तसं काही आलं नाही. पहिल्या नावाचा आकडा दुसऱ्या नावापुढे निमूटपणे येऊन बसला.

घोटीला वीज जाते-येते. मशीन गप्प झालं की या सॉफ्टवेअरनं आधीच्याचा आकडा पुढच्याच्या गळ्यात बांधायचा. राकेशला जे बसवायला सांगितलं तेच त्यानं बसवलं होतं. चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आणि फाशीचा कागद मी टाइप केलेला होता.

गांगुर्डे यादीचा छापलेला कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. मला बोलावलं नव्हतं, तरी मी गेले.

सरांनी कागद वाचला. त्यांचा चेहरा उतरला, पण डोकं लगेच चालू झालं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पत्र फाडा. राकेशला उद्याच बोलवा, पगार चालू. ती दुसरी ओळ यादीतून काढून टाका आणि जिथं जिथं ती फाइल गेलीय तिथं महिन्याभरात हळूहळू बदलून घेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचंच काही जाणार नाही."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. राकेशची नोकरी वाचली, आणखी काय हवं?

गांगुर्डे म्हणाले, "सर, घोटीत आपण सगळ्यांना राकेशची चूक सांगून बसलोय. ती कोण परत घेणार? आणि घोटी सोडून अकरा लॅबमध्ये ती फाइल हाय. कुणाच्या नावावर कुणाचा आकडा गेलाय ते त्या लोकांना कळायला नको?"

"यात तुमचीही चूक आहे, गांगुर्डे. तुम्हीच घेतलीत ती यादीत."

"हाय ना. म्हणूनच बोलतोय."

"मी मालक म्हणून सांगतो, ओळ काढा."

"काढता येणार नाय, सर. यादीचा ठसा दर शनिवारी ग्रुपवर जातो. पाचही जणांच्या फोनमध्ये दोन वर्षांचे ठसे हायेत, राकेशच्या पण. जुनी ओळ हलवली तर त्या शनिवारपर्यंतच्या यादीचा ठसा जुळणार नाय, उद्या कुणीही पकडील." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि कुणी पकडणार नसतं, तरी मी काढली नसती. कुणाला काढायचंच असंल तर मला काढा."

सर उठून गॅलरीत गेले. खाली बेकरीसमोर टेम्पो उतरवत होते, ते बघत दहा मिनिटं उभे राहिले. माझ्या मनात एकच चालू होतं: आता राकेशच्या जागी गांगुर्डेंचं पत्र टाइप करावं लागणार. पण परत आले तेव्हा ते माझ्याकडे वळले. "सुधाताई, लिहा. बाराही लॅबना एकच पत्र."

पत्रात सगळं आलं. फाइल मूळ नव्हती, ती आल्हाद सरांनी आणली, राकेशचा दोष नाही, अमुक तारखेपासूनच्या तपासण्या पुन्हा कराव्यात, जुने आकडे ताडून बघायला आमचा माणूस येऊन बसेल. शेवटी गांगुर्डेंनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: 'तपासणी न करता यादीत घेण्याची चूक माझी. ज. गांगुर्डे.' त्याखाली सरांनी सही केली. ती करताना त्यांचा हात अडखळला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

यादीतली ती ओळ तशीच आहे. तिच्यापुढे आता लाल अक्षरांत येतं: 'ओळखीची, पण वाईट'. बाकीच्यांपुढचा 'ओळखीची' हा शब्द गांगुर्डेंनी पुसून टाकला. आता 'तपासलेली' असं येतं, आणि कंपनीच्या ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवल्याशिवाय येत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत बाराही ठिकाणची फाइल बदलली गेली. पुन्हा तपासल्यावर आणखी दोन लोकांचे आकडे चुकलेले निघाले, दोघंही नांदगावकडचे. गांगुर्डेंनी दोघांना स्वतः फोन केले.

पण घोटीला पत्र पोस्टानं पाठवायला त्यांनी नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं एसटीनं गेलो. पत्र माझ्याकडे होतं. राकेशला सरांनी फोन केला होता, तो स्टँडवर घ्यायला आला. उतरलेला चेहरा, दाढी वाढलेली. गांगुर्डे त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. राकेशनं आमच्या दोघांकडे बघून मान हलवली. "चला," एवढंच म्हणाला.

लॅबमध्ये आणि डॉक्टरांकडे पत्र वाचून दाखवलं. मग गांगुर्डे म्हणाले, बाईंकडे जायचं. नवसाबाई ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. राकेशला बघून तिनं आधी त्यालाच आत बोलावलं. मग आम्हाला म्हणाली, "दवाखान्यातून मला ह्यानंच घरी आणलं. एक दिसाआड येतो, साखर बघून जातो. लोक म्हनत्यात ह्याची चूक हाय. असंल बी. पन मानूस लय चांगला हाय."

मला वर बघवेना. दहा दिवस त्याला आम्ही घरी बसवला होता आणि तो या बाईच्या ओट्यावर येऊन बसत होता.

"चूक त्याची नाय, मावशी," गांगुर्डे म्हणाले. "त्यानं सांगितलेलं काम केलं. चूक माझी हाय. तेच सांगाया आलोय."

नवसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. त्यांच्याकडे नीट बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मंग तुमी इतकं दिस कुठं व्हता?"

परत स्टँडवर आलो तेव्हा एसटीला अवकाश होता. राकेश उद्यापासून कामावर येणार हे ठरलं होतं, बोलणंही झालं होतं, कुणाचा आवाज वर गेला नव्हता. टपरीसमोर उभं राहून त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, चहा घेता का?"

मी आधी इकडेतिकडे बघितलं, कुठला साहेब आला म्हणून. मग कळलं, तो गांगुर्डेंना विचारत होता. तीन वर्षांत 'काका'शिवाय दुसरी हाक मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. टोमणा नव्हता त्यात. त्यानं मनाशी काहीतरी मिटवून टाकलं होतं, आणि आता तो त्यांना साहेब म्हणणार होता. ज्या जिभेनं हे सुरू केलं ती माझी होती.

"घेतो," गांगुर्डे म्हणाले. तिघांनी चहा घेतला. राकेशनं पैसे दिले आणि तो निघून गेला.

एसटीत गांगुर्डे खिडकीशी बसले. वाडीवऱ्हे गाव मागे पडलं. मग मी न विचारताच ते आपणहून म्हणाले, "फोन उचलायला पायजे होता, ताई. फाइल काय, नंतर पण तपासता आली असती."